केओटीवर वेळ छापलेली असते

आमच्या धंद्यात कुणी काहीही केलं तरी त्याची वेळ कुठे ना कुठे उमटते. ऑर्डर घेतली की केओटीवर, म्हणजे किचनला जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर वेळ, बिल काढलं की बिलावर वेळ, आत येता-जाता बोट टेकवलं की मशिनमध्ये वेळ. फ्रिजचं तापमान लिहायच्या वहीतसुद्धा वेळ आणि सही. गिऱ्हाईक म्हणालं, 'सूप सांगून वीस मिनिटं झाली', तर कॅप्टन, म्हणजे वेटरांचा प्रमुख, केओटी आणून दाखवतो की साहेब, आठच झालीत. आणि त्याच हॉटेलात एखादी मुलगी म्हणाली की अमक्याने मला पेंट्रीत धरलं, तर तोच कॅप्टन विचारतो, 'पण पुरावा काय?'

हे त्या मुलीसाठी लिहितेय. मी पुण्यात एका रेस्टॉरंटची ऑपरेशन्स बघते. तेवीस जणांचा स्टाफ, त्यात सात मुली. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या आमच्या अंतर्गत समितीची मी अध्यक्ष आहे, त्याविषयीच्या कायद्यात त्याला पीठासीन अधिकारी असं भारदस्त नाव आहे. समितीपुढे आलेलं काहीही इथे सांगणार नाही. कलम १६ ने त्याला मनाई आहे आणि ती योग्यच आहे. जे सांगतेय ते माझ्यावर बेतलेलं, माझ्या हातून चुकलेलं, आणि नमुन्यापुरता एक रचलेला अर्ज.

१९९८ मध्ये मी मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात ट्रेनिंगला होते. तिथला एक सू-शेफ, म्हणजे मुख्य शेफच्या खालचा दुसरा, सर्व्हिस ऐन रंगात आली की मला वॉक-इनमधून क्रीम आणायला पाठवायचा आणि अर्ध्या मिनिटाने स्वतः मागून यायचा. वॉक-इन म्हणजे माणूस आत जाईल एवढी थंड खोली. दार जड, बंद झालं की बाहेरचं काही ऐकू येत नाही. आत पालकाचे क्रेट, दुधाच्या पिशव्या आणि आपल्याच तोंडातून निघणारी वाफ. तो 'थंडी वाजते का' असं विचारत दंड चोळायचा, मग हात खाली जायचा. दाराला आतून एक गोल खुंटी असते, ती दाबली की दार उघडतं, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मला वाटायचं, त्याने उघडल्याशिवाय आपण बाहेर पडू शकत नाही.

एका जुन्या कमीला, म्हणजे शेफच्या हाताखालच्या स्वयंपाक्याला, मी रडत सांगितलं. तो चांगला माणूस होता. म्हणाला, 'त्याच्या शिफ्टला क्रीम आधीच काढून ठेवायचं.' मी ठेवायला लागले. पुढच्या बॅचच्या तीन मुलींनाही मी हेच शिकवलं, आणि आपण त्यांची केवढी काळजी घेतो असं मला वाटायचं. माझ्या लॉगबुकवर त्याचीच सही आहे, शेरा 'गुड अँड सिन्सिअर'.

त्या वेळी कायदा नव्हता, पण अगदीच काही नव्हतं असंही नाही. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी या साथीन, म्हणजे सरकारच्या महिला विकास कार्यक्रमातल्या गावपातळीवरच्या कार्यकर्त्या. बालविवाह रोखायचा प्रयत्न केला म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट १९९७ मध्ये विशाखा निकाल दिला आणि प्रत्येक कामाच्या ठिकाणी तक्रार समिती हवी असं सांगितलं. म्हणजे मी वॉक-इनमध्ये उभी होते तेव्हा निकालाला वर्ष झालं होतं. आमच्या नोटीस बोर्डावर मात्र नखं किती कापायची याचा तक्ता होता. पुढे २०१३ मध्ये कायदा झाला आणि त्या वर्षीच्या ९ डिसेंबरपासून तो लागू आहे. लोक त्याला 'पॉश' म्हणतात, 'प्रिव्हेन्शन ऑफ सेक्शुअल हॅरॅसमेंट'ची आद्याक्षरं.

आता कामाचं.

काय चालतं, काय नाही

किचनची लाइन अरुंद असते. रात्री नऊच्या गर्दीत धक्का लागतो, कोपर लागतं, कुणी हातात तापलेला तवा घेऊन जात असेल तर खांद्याला धरून तुला बाजूलाही करेल. हे सगळ्यांना माहीत असतं, आणि 'चुकून लागलं' ही सबब म्हणूनच इतकी चालते. ओळखायची खूण सांगते. ज्याला खरंच मागून जायचंय तो ओरडतो, 'बॅक! हॉट, हॉट!' त्याचं लक्ष हातातल्या भांड्यावर असतं. न ओरडता येतो आणि कमरेला हात लावून जातो, तो तवा घेऊन आलेला नसतो. पुरुषांच्या मागून जाताना त्याचा हात कुठे असतो तेही एकदा बघ.

हात लागायलाच हवा असंही नाही. नको असलेली लैंगिक हेतूची कोणतीही गोष्ट कायद्यात बसते: अंगलगट करणं, शरीरसंबंधाची मागणी, अश्लील शेरे, मोबाइलवर घाणेरडं दाखवणं, इशारे. 'माझ्याशी नीट राहा, तुला वीकेंडची बँक्वेट देतो' हेही येतं, आणि 'नाही म्हणालीस ना, आता ब्रेक शिफ्ट (मध्ये खंड पडलेली, दोन तुकड्यांतली ड्यूटी) करत बस' हेही. स्टाफच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे स्टिकर येतात. रात्री घरी सोडणाऱ्या मालकाच्या गाडीत जे होतं तेही येतं, कारण मालकाने दिलेलं वाहनही कायद्याने कामाचं ठिकाणच आहे.

आणि तू कुणीही अस. कायम, रोजंदारीवर, एजन्सीकडून आलेली, भांडी घासणारी, बिनपगारी ट्रेनी. 'तू आमच्या पेरोलवर नाहीस' असं एचआर म्हणाला तर तो कायदा न वाचता बोलतोय.

त्याच रात्री

घरी गेल्यावर, झोपायच्या आधी, लिही. वहीत लिही किंवा स्वतःलाच ईमेल कर, म्हणजे तारीख-वेळ आपोआप राहते. शब्द सुंदर नकोत. तो जे बोलला ते जसंच्या तसं, शिवी असली तर शिवीसकट. तुला काय वाटलं ते दोन ओळींत. कुठे काय घडलं ते मात्र सविस्तर.

मग आठव, त्या वेळी कुठलं टेबल चालू होतं? हे विसरू नकोस. 'साधारण साडेदहाला' यावर वकिली करता येते. 'टेबल सातच्या बिर्याणीची केओटी पासवर लागली आणि मी रायता घ्यायला पेंट्रीत गेले' यावर फार करता येत नाही (पास म्हणजे किचनमधून तयार जेवण बाहेर द्यायचा काउंटर), कारण ती केओटी सिस्टिममध्ये आहे. सात नंबरवर कोण वाढत होतं ते आहे. तू पेंट्रीतून आलीस तेव्हा पासवर कोण उभं होतं ते ड्यूटी चार्टवर आहे. तो म्हणाला, 'मी तेव्हा निघून गेलो होतो', तर त्याचं बोट मशिनमध्ये आहे. तुला त्यातलं काही चोरून आणायचं नाही. कुठे काय सापडेल एवढं लिहायचं, मागवून घेणं समितीचं काम. तेवढे अधिकार तिला आहेत, दिवाणी कोर्टासारखे.

सीसीटीव्हीची गोष्ट वेगळी. रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डीव्हीआर मशिनची डिस्क भरली की जुन्यावर नवीन चढतं. कुठे पंधरा दिवसांत, कुठे महिन्यात. वॉक-इनमध्ये कॅमेरा नसतो, पण बाहेरच्या पॅसेजमध्ये बहुतेक ठिकाणी असतो, आणि तू आधी आत गेलीस, तो मागून गेला, तू किती वेळाने कशी बाहेर आलीस एवढं दिसलं तरी पुष्कळ. म्हणून तक्रार द्यायची की नाही हे ठरत नसेल तरी पहिल्या दोन-तीन दिवसांत एक ओळीचा ईमेल टाक: 'अमुक तारखेचं, अमुक वेळेतलं, पेंट्रीसमोरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग कृपया जपून ठेवावं.' कारण लिहायची गरज नाही.

मेसेज डिलीट करू नकोस, कितीही किळस आली तरी. स्क्रीनशॉट घेशील तर नंबर आणि तारीख दिसू दे. मुली लाजून वरचा भाग कापतात आणि नेमकं तेच हवं असतं.

एकीला तरी सांग. पुढे ती तुझी साक्षीदार असते, 'त्या रात्री ती मला म्हणाली होती' एवढं सांगायला.

अर्ज

माझ्याकडे पूर्वी, समिती वगैरे नव्हती तेव्हा, चिठ्ठ्या यायच्या: 'सरांचं वागणं बरोबर नाही. मला त्रास होतो. कृपया लक्ष द्यावे.' यावर कुणी काय करणार? सर म्हणणार, मी शिस्त लावतो, म्हणून त्रास होतो. आणि मिटलं.

असं लिही:

'दि. १४ रोजी, शनिवारी, रात्री साडेदहाच्या सुमारास टेबल ७ ची बिर्याणी पासवर लागल्यावर मी रायता घेण्यासाठी पेंट्रीत गेले. श्री. —, सू-शेफ, माझ्यामागे आत आले व त्यांनी दार पायाने लोटले. त्यांनी उजवा हात माझ्या कमरेवर ठेवला व म्हणाले, "—". मी हात झटकला व "सर, नको" असे म्हटले. ते हसले. मी रायत्याचे भांडे तिथेच टाकून बाहेर आले. त्या वेळी पासवर — उभे होते. त्यांनी विचारले, "रायता कुठाय?" यापूर्वी दि. ६ व दि. ९ रोजीही असेच झाले, ते पुढे लिहिले आहे. केओटी, ड्यूटी चार्ट व पेंट्रीसमोरील कॅमेऱ्याचे रेकॉर्डिंग मागवून पाहावे.'

'रायता कुठाय' ही ओळ मुद्दाम ठेवलीय. असल्या बारक्या गोष्टी कुणी रचत नाही, आणि पासवरच्या माणसाला तेवढंच आठवत असतं.

मराठीत लिही, हिंदीत लिही, जी येते तीत. लिहिता येत नसेल तर लिहून घेण्यात मदत करणं हे समितीचं कर्तव्य आहे. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत दे. उशीर होण्याला तसंच कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते, पण त्यावर विसंबू नकोस. कायद्याच्या नियमांत सहा प्रती मागितल्यात, साक्षीदारांच्या नाव-पत्त्यांसकट. झेरॉक्स सात काढ. सातवीवर पोच घे, तारीख घालून, आणि ती घरी ठेव. लॉकरमध्ये ठेवू नकोस, स्टाफ लॉकरची किल्ली कुणाकुणाकडे असते ते आपल्याला ठाऊक आहे.

द्यायचा कुणाकडे

दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. अध्यक्ष बाई, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरचा, बायकांसाठी काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेतला किंवा या विषयाची जाण असलेला. नावं भिंतीवर लावलेली हवीत. साखळी हॉटेल असेल तर हेड ऑफिसची एक समिती सगळ्या शाखांना पुरत नाही, प्रत्येक ठिकाणी वेगळी लागते.

दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकावरच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे मिळेल. केंद्र सरकारचं 'शी-बॉक्स' हे पोर्टलही आहे, तिथून तक्रार ऑनलाइन जाते. समित्या कागदावरच राहतात हे सर्वोच्च न्यायालयालाही दिसलंय. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणावरून, ऑरेलियानो फर्नांडिस खटल्यात, मे २०२३ मध्ये न्यायालयाने सगळ्या सरकारांना समित्या खरंच आहेत का ते तपासायला लावलं.

पोलिसांचा रस्ता वेगळा आणि तोही उघडा. दोन्ही एका वेळी चालतं. भारतीय न्याय संहितेत लैंगिक छळाला कलम ७५ आहे, विनयभंगाला ७४, पाठलागाला ७८. तक्रार द्यायची असेल तर मदत करणं मालकावर बंधनकारक आहे. जीव घाबरा झाला असेल तर समिती-बिमिती राहू दे, ११२ लाव. सल्ला हवा असेल तर १८१.

चौकशी चालू असताना

नव्वद दिवसांत ती संपायला हवी. तोपर्यंत त्याच्याच हाताखाली उभं राहायची सक्ती नाही. तू लेखी मागितलंस तर समिती त्याची किंवा तुझी बदली सुचवू शकते, किंवा तुला तीन महिन्यांपर्यंत रजा, जी तुझ्या हक्काच्या रजेतून कापायची नसते.

बदलीवरून माझी चूक सांगते. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या ठिकाणी, एक नेहमीचं गिऱ्हाईक होतं. दर शुक्रवारी चार मित्र, दहा-बारा हजारांचं बिल. साताऱ्याकडची एक मुलगी त्या टेबलावर असायची. मेनू दाखवायला वाकली की तो मनगट धरायचा आणि सोडायचा नाही, 'आज आमच्यासाठी काय खास?' तिने मला येऊन सांगितलं. मी तिला दुसऱ्या दिवसापासून फॅमिली सेक्शनला टाकलं आणि प्रश्न सुटला असं समजले. दीड महिन्याने ती नोकरी सोडून गेली. जाताना म्हणाली, 'मॅडम, फॅमिलीला टिप नाही मिळत. माझे महिन्याचे साडेतीन हजार गेले. त्याचं काय गेलं?'

त्याचं शुक्रवारचं टेबलसुद्धा गेलं नव्हतं. मी त्याला स्वतः 'गुड इव्हनिंग सर' म्हणत होते.

गिऱ्हाइकाच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासून संरक्षण देणं हेही मालकाचंच काम, आणि तुझी इच्छा असेल तर त्या माणसावर पोलीस कारवाई सुरू करून देणंही. आता आमच्याकडे पद्धत अशी: मुलीने कॅप्टनला 'पाणी संपलं' म्हटलं की कॅप्टनने एकही प्रश्न न विचारता टेबल घ्यायचं. ते टेबल त्या रात्री पुरुष स्टाफच वाढणार, टिप मात्र तिच्या नावावर. दुसऱ्यांदा तोच माणूस असेल तर बिल टेबलावर ठेवायचं आणि 'साहेब, आज एवढंच' म्हणायचं. हे मी स्वतः जाऊन म्हणते. आतापर्यंत तीनदा म्हटलंय. पहिल्या वेळी पाय कापत होते.

तर बदली सुचवतील तेव्हा विचार: माझी टिप किती जाईल, ओव्हरटाइम किती जाईल, शेवटची गाडी मिळेल का? नुकसान तुझं होत असेल तर 'त्याला हलवा' असं लेखी माग.

'आपसात मिटवा' असं कुणी म्हणेल. तडजोड फक्त तू मागितलीस तरच होते, आणि पैसे घेऊन मिटवणं कायद्याला मान्य नाही. कोऱ्या कागदावर सही करू नकोस. नोकरी सोडताना हिशेब मिटवायच्या 'फुल अँड फायनल'च्या कागदात 'माझी कोणतीही तक्रार नाही' अशी एक ओळ घुसडलेली असते, ती वाच.

'तक्रार खोटी निघाली तर तुझ्यावरच उलटेल' अशी भीती घालतील. मुद्दाम रचलेल्या खोट्याला शिक्षा आहे, खरं आहे. पण नुसतं सिद्ध करता आलं नाही म्हणजे खोटं, असं होत नाही. हे कलम १४ मध्येच लिहिलंय.

सुनावणीत वकील आणता येत नाही, त्यालाही नाही आणि तुलाही नाही. तुला तुझ्या कपड्यांबद्दल, बॉयफ्रेंडबद्दल विचारलं तर 'याचा घटनेशी संबंध काय, ते नोंदवून घ्या' म्हण. नोंदवून घ्या म्हटलं की लोक गप्प होतात. अहवाल आल्यावर मालकाने साठ दिवसांत कारवाई करायची असते. निकाल पटला नाही तर नव्वद दिवसांत अपील.

पोरांचं काय

हा कायदा फक्त बायकांसाठी आहे आणि किचनमध्ये हे कळून त्रास होतो. गावाकडून आलेली अठरा-एकोणीस वर्षांची पोरं हॉटेलच्या वरच्या खोलीत दहा-दहा जण झोपतात. तिथे काय चालतं ते सगळ्यांना माहीत असतं आणि 'मस्करी' म्हणून सोडून दिलं जातं. पोरगा अठराच्या आतला असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा लागतो, मुलगा-मुलगी भेद न करता, आणि माहीत असून कळवलं नाही तर तो गुन्हा ठरतो. अठराच्या वरच्यांसाठी घरातलाच नियम करावा लागतो. आम्ही केलाय, तीच समिती ऐकते.

मालकांना, थोडक्यात

वॉक-इनच्या आतल्या खुंटीवर मराठी-हिंदीत 'दाबा' लिहा आणि नव्या माणसाला पहिल्या दिवशी आत नेऊन दाखवा. चेंजिंग रूमची कडी आतून लागते का बघा. रात्री साडेनऊनंतर मुलींना थांबवायचं तर त्यांची संमती आणि दारापर्यंत गाडी ही महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यातली अट आहे. चौकापर्यंत सोडलं म्हणजे झालं असं नाही. समिती नसेल तर ५० हजारांपर्यंत दंड, पुन्हा सापडलात तर दुप्पट, आणि लायसन्सही जाऊ शकतं.

आमच्या ओळखीच्या एका मालकाला हे सगळं सांगितलं. पंचवीस माणसं, दोन मुली. तो म्हणाला, 'ताई, एवढी झंझट असेल तर लेडीज स्टाफच काढून टाकतो.' मी म्हटलं, काढा. दहा माणसं मोजताना बायका किती ते बघत नाहीत, त्यामुळे समिती तरीही लागणार. शिवाय तक्रार करायला बाई तुमच्या नोकरीतच असावी लागते असं नाही, जेवायला आलेलीही करू शकते. त्यांनाही येऊ देणार नाही का?

तो बराच वेळ गल्ल्यावर पेन आपटत बसला. मग दोन चहा सांगितले आणि विचारलं, 'ती बाहेरची मेंबर कुठे मिळते?'